गळके छप्पर आणि भाड्याची पावती



वैशाखाच्या उकाड्यात पावसाची गोष्ट काढतो, याची क्षमा असावी. मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत, आणि आपल्या टिटवाळ्यातील जुन्या चाळींत कोठे पातेले ठेवायचे, कोठे बादली, हे घरोघरच्या गृहिणींना आताच पाठ आहे. दरवर्षी एक प्रश्न कानी येतो : मालक छप्पर शाकारीत नाही, मग भाडे का द्यावे?

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी याच रागाने वर्षभर भाडे दिले नाही. मालकाची नोटीस आली. तीही त्यांनी तशीच बाजूला ठेवली. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा पहिला प्रश्न छपराचा निघाला नाही, थकलेल्या भाड्याचा निघाला. गळती मालकाची होती, पण थकबाकीदार ठरले हे.

म्हणून कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे त्याच्या 14 व्या कलमाने मालकाचे कर्तव्य आहे. त्याने हयगय केली, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असता कामा नये.

हिशेब करून पाहू. भाडे महिना 400 रुपये, म्हणजे वर्षाचे 4800. त्यातून वर्षाला 1200 पर्यंतच कापता येतील. उरलेले 3600 दिलेच पाहिजेत! खर्च 3000 झाला, तर तो एका वर्षात फिटणार नाही. म्हणून चाळीने एकत्र येऊन नोटीस द्यावी, काम एकत्र करावे आणि खर्च ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटून घ्यावा. हिशेब आणि पावत्या जपाव्यात. खर्चाचा पुरावा म्हणून कायदा त्यांनाच मानतो.

भाडे थकलेच असेल, तरी मार्ग बंद होत नाही. मालकाच्या लेखी मागणीनंतर नव्वद दिवस उलटल्याखेरीज त्याला त्या कारणाने दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, दरसाल 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर घर वाचते.

मालकाचीही बाजू आहे. जुन्या भाड्यात आज कौलांचा खर्चसुद्धा निघत नाही. वर्षाला 4 टक्के वाढ कायद्याने दिली आहे, पण मुळात रक्कमच लहान. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निघाले. आपण कल्याण-डोंबिवली महापालिकेत. ते मंडळ येथे येत नाही. येथे इमारत धोकादायक ठरली, तर महापालिका ती रिकामी करण्याचा हुकूम देऊ शकते. तो हुकूम आला, तर हट्ट करू नये; जीव आधी. घर पडले म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगलीच्या एका प्रकरणात सांगितले आहे.

एक सावधगिरी. अकरा महिन्यांच्या परवाना-कराराने राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. त्याने दुरुस्तीची अट करारातच लिहून घ्यावी.

मंडळी, रागाने थांबवलेले भाडे मालकाच्या हाती शस्त्र देते. पावती घेऊन दिलेले भाडे ते आपल्या हाती देते. तेव्हा आज घरी गेल्यावर पातेली मांडण्याआधी एक पत्र लिहा, त्यावर तारीख घाला, पोचपावतीने पाठवा आणि नक्कल जपून ठेवा. पंधरा दिवस मोजायला सुरुवात पावसापूर्वी झाली पाहिजे.