आधी सोंग, मग भूमिका
(अलिबाग येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त)

पत्रिकेत माझा विषय ‘महाविद्यालयीन रंगभूमी : काल, आज आणि उद्या’ असा छापलाय. काल तुम्ही पाहिलाय, उद्याचं मला ठाऊक नाही. तेव्हा मी तालमीवर बोलतो. (हशा)

पोरांना पहिल्याच दिवशी ‘भूमिकेत शिर’ म्हणून सांगू नका, एवढंच माझं म्हणणं. आधी ठोकळेबाज सोंग काढू द्या, अगदी पोटभर. मग त्याच पात्राची हकिकत सांगायला लावा; ‘मी’ नाही, ‘तो’ म्हणून. भूमिका त्यानंतर.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तने नटांना तालमीसाठी हेच सुचवलं : तृतीयपुरुषात बोला, भूतकाळात बोला, रंगसूचनाही मोठ्याने म्हणा. ब्रेख्त तुम्हाला माहीत आहे, त्याच्या नाटकावरून विजया मेहतांनी केलेलं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ पाहिलेलेही इथे असतील, पुढे जातो. आणि जर्मनीपर्यंत जायचं कशाला? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा कथा सूत्रधारच गात होता. त्या पठडीतला राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीतच यायचा. निवेदन आणि सोंग, दोन्ही आपल्या घरातली. आता मात्र आपण नाकं मुरडतो.

खोतांच्या जमीनदारीविरुद्ध झालेल्या चरीच्या शेतकरी संपावर आम्ही एकांकिका बसवत होतो. इतिहास सांगत बसत नाही. १९३३ ते ३९ चाललेला संप, त्याचे पुढारी नारायण नागू पाटील, बाबासाहेब आंबेडकरांचं खोतीविरोधी विधेयक, हे इथल्या निम्म्या घरांतून ऐकलेलं असेल. एक मुलगा खोताचा दिवाणजी करत होता. भटाचं बेअरिंग घेऊनच आला : पाठीत बाक, तपकिरीची चिमूट, नाकातला आवाज. मी म्हटलं, आणखी कर. त्याने इतकं केलं की शेवटी त्यालाच कंटाळा आला. मग म्हटलं, आता सांग.

तो सांगू लागला, ‘दिवाणजी ओटीवर आला. अंगठा जिभेला लावून त्याने खंडाच्या वहीचं पान उलटलं. पायरीवर म्हातारी बसली होती. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.’ इथे थांबला. मग संहितेत नसलेलं वाक्य बोलला : ‘तिचं नाव त्याला माहीत होतं.’ कोणी शिकवलं नव्हतं हो! प्रयोगात ते वाक्य अर्थातच नव्हतं. पण पान उलटताना त्याचा हात क्षणभर अडायचा. बाक निम्मा गेला, तपकीर सगळी गेली.

म्हातारी करणाऱ्या मुलीचं वेगळंच. घरी आगरी बोलणारी पोर, पण मंचावर चढली की टीव्हीवरची आगरी! हेल काढून, कमरेवर हात ठेवून. सगळे हसले, तीही हसली. तिला म्हटलं, म्हातारीने काय केलं ते तुझ्या आईला सांगतेस असं सांग. हेल आपोआप उतरला.

तिसऱ्या रांगेतले काका मघापासून मान हलवताहेत. ‘आगऱ्यांची, भटांची चेष्टाच करायला शिकवता ना?’ असंच ना? नाही, काका. चेष्टा पोरांच्या डोक्यात आधीच भरलेली असते, सिनेमातून, घरातून. ती तालमीच्या खोलीत बाहेर काढली नाही, तर प्रयोगात मुरलेली दिसते. आता तुम्ही तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ काढणार. तिथे ब्राह्मणांची रांग प्रयोगातच उभी होती, बरोबर. पण ते सोंग लेखकाने आणि दिग्दर्शकाने जाणूनबुजून उभं केलेलं. माझ्या पोराचा बाक नकळत आलेला होता. बाकी ‘घाशीराम’वरचं भांडण १९७२ पासून चालू आहे, ते आज इथे मिटवायला मी मानधन घेतलेलं नाही. (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. प्रकाशयोजनेवर, शिमग्यातल्या संकासुरावर बोलायचं होतं, सोडून देतो.

दुसरी चिठ्ठी : ‘स्पर्धा तोंडावर असताना एवढा वेळ कुठून काढायचा?’ प्रश्न रास्त आहे. सगळी संहिता सांगायला लावू नका. जो प्रवेश अडतोय तेवढाच घ्या. नट हालचाल करील, निवेदन दुसऱ्याने करावं. तेही प्रवेशात नसलेल्या, चहा आणणाऱ्या पोराने. तो वाटेल ते विचारतो. आणि वही जवळ ठेवा, कारण पोरं जी जास्तीची वाक्यं बोलतात ती दुसऱ्या दिवशी त्यांनाच आठवत नाहीत.