मसाल्याची चिठ्ठी आणि लॉकफाईल

उन्हाळा लागला की कोल्हापुरात डंकांवर मिरची कांडायला गर्दी होते. प्रत्येक घरची चिठ्ठी ठरलेली असते : संकेश्वरी इतकी, ब्याडगी इतकी, लसूण, खोबरं, धणे, तीळ. तरीही यंदाचा मसाला गेल्या वर्षीसारखा उतरेलच, असं नाही. कारण चिठ्ठीत मिरचीचं नाव असतं, कोणत्या दुकानातलं कोणतं पोतं ते नसतं.

संगणकाच्या प्रोग्रॅमचंही असंच आहे, श्रोतेहो. आजचा प्रोग्रॅम इतरांनी लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या शेकडो तयार भागांवर उभा असतो. त्यांच्या यादीत बहुधा ‘अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची चालेल’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे आज आणलेला माल आणि महिन्याभरानं आणलेला माल वेगळा निघू शकतो. म्हणून लॉकफाईल ठेवतात. तिच्यात प्रत्येक भागाची नेमकी आवृत्ती आणि बहुधा त्या भागाचा ठसाही असतो. त्या भागात एक अक्षर बदललं, तरी ठसा जुळत नाही. जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएममध्ये अशी फाईल २०१७ पासून आपोआप तयार होऊ लागली.

आता माझी फजिती सांगतो. एका खुल्या प्रकल्पाला मी पहिल्यांदा दुरुस्ती पाठवली, तीन ओळींची. पण पलीकडे बदल दिसले हजारो ओळींचे! माझ्याकडचं एनपीएम वेगळ्या आवृत्तीचं होतं. त्यानं लॉकफाईल नव्यानं लिहिली आणि मी न बघता सगळं ‘गिट’मध्ये टाकलं. प्रकल्प सांभाळणाऱ्यानं कळवलं, ‘दुरुस्ती चांगली आहे, लॉकफाईल मात्र पूर्ववत करा.’ तेव्हा मला तो काटेकोरपणा जाचला.

नंतर २०१८ सालचं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरण वाचलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या या भागाची जबाबदारी मूळ लेखकानं मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवली. त्यानं एक नवा उपभाग जोडला आणि त्यातून बिटकॉइनच्या एका पाकिटावर डल्ला मारणारा मजकूर आत शिरला. ज्यांची लॉकफाईल जुन्या आवृत्तीवर होती आणि जे तिला धरून राहिले, त्यांच्याकडे तो पोचला नाही. मग उमगलं, की हजारो ओळींच्या न वाचलेल्या बदलात असलं काहीही लपू शकतं. बिचारा तपासणारा तरी किती वाचणार?

आपल्या कॉलेजांतली मुलं आता अशा प्रकल्पांत हात घालतात. त्यांना चार गोष्टी सांगतो. प्रकल्पात जे साधन वापरतात तेच वापरा. एनपीएमच्या घरात यार्न आणू नका. नुसतं चालवून बघायचं असेल तर ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा द्या. ती लॉकफाईलला हात लावत नाही. नवा भाग खरोखर जोडला असेल, तरच लॉकफाईलचा बदल पाठवा आणि का जोडला तेही लिहा. दोघांचे बदल एकमेकांवर आदळले, तर ती फाईल हातानं जुळवत बसू नका. मुख्य शाखेतली प्रत घ्या आणि साधनाकडूनच पुन्हा तयार करून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. कुलूप लावलेला मालही शिळा होतो. जुन्या आवृत्तीत दोष सापडला, तर ती बदलावीच लागते. पण ते काम वेगळं पाठवावं, उघडपणे. तीन ओळींच्या दुरुस्तीच्या पदराआड नव्हे.