जमिनीवर झोपणाऱ्यांची मच्छरदाणी



मच्छरदाणी कशी लावावी, हा काय भाषणाचा विषय झाला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. घरात पलंग असतो, भिंतीला खिळे असतात. चार दोऱ्या अडकवल्या, कडा गादीखाली खोचल्या, की काम झाले. खरे आहे. पण आपल्याकडची कितीतरी माणसे वर्षातले अनेक दिवस पलंगावर झोपत नाहीत, आणि भिंतींच्या आतही झोपत नाहीत. ऊसतोडीला गेलेले कुटुंब गळिताचा हंगाम संपेपर्यंत कोपीत राहते. मेंढ्यांमागे फिरणारा धनगर पालात निजतो, राखणीचा गडी खोपीत निजतो. आणि शाळा-कॉलेजांची मुले शिबिराला जातात, ती राहुटीत झोपतात. या सगळ्या निवाऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे. डोक्यावर छप्पर असते, पण खाली तळ नसतो. कापड जमिनीला टेकते तिथे फट राहते, आणि ती फट म्हणजे रात्रभर उघडे राहिलेले दारच!

या दाराने कोण येते? पहिला डास. हिवताप पसरवणारी अॅनाफिलिस जातीची मादी मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. या जंतूचे डासाशी असलेले नाते रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत दाखवून दिले. दुसरा विंचू. आणि तिसरी मण्यार. हा साप रात्री हिंडतो. उंदीर, पाली, दुसरे साप अशा भक्ष्याच्या मागे तो माणसाच्या निवाऱ्यात शिरतो. त्याचा दंश पुष्कळदा इतका कमी दुखतो, की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. मग पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला या तिघांपासून जपणारी, सर्वांना परवडणारी वस्तू मच्छरदाणी हीच आहे. पण ती खालून बंद असली तरच. वरून कितीही छान टांगली आणि खालची कड मोकळी राहिली, तर तिचा उपयोग निम्म्यानेही उरत नाही. म्हणून आज मी खालपासून सुरुवात करणार आहे.

जागा उंचवट्याची बघा. दगडांचा ढीग, सरपण, बिळे यांच्यापासून दूर राहा. जमीन झाडून घ्या आणि भोवती पाणी जायला लहानशी चर काढा. मग ताडपत्री अंथरा. तिची कड राहुटीच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेली की पावसाचे पाणी तिच्यावरून थेट अंथरुणात येते. ताडपत्रीवर सतरंजी किंवा घोंगडी घाला.

आता जाळी टांगायची. तिच्या दोऱ्या राहुटीच्या कापडाला बांधू नका. वारा सुटला की कापड हलते, त्याबरोबर जाळी ओढली जाते आणि खोचलेली कड निघते. दोन खांबांच्या मध्ये आडवी सुतळी ताणून घ्या, तिच्यावर जाळी टांगा, आणि कोपरे जमिनीत ठोकलेल्या मेखांकडे दोरीने ताणा. राहुटीचे कापड आणि जाळी यांच्यात वीतभर तरी अंतर ठेवा. थंडीत पहाटे कापडाला आतून दव सुटते. जाळी चिकटून असेल तर अंथरूण ओले होते.

कोपीची गोष्ट निराळी. तिच्या बांबूंची टोके वर एकत्र येतात. तिथे गोल कड्याची, एकाच दोरीने टांगायची मच्छरदाणी सोयीची पडते. मात्र खाली तिचा घेर मोठा हवा. झोपेत हात किंवा पाय जाळीला टेकला, तर डास बाहेर बसून जाळीतूनच चावतो.

कड खोचण्याची रीत लक्षात ठेवा. कड ताडपत्रीच्या वर आणि सतरंजीच्या खाली, चारही बाजूंनी, वीतभर आत गेली पाहिजे. कड पुरत नसेल तर वरची सुतळी खाली घ्या, जाळी ताणू नका. जिथे माणसाचे वजन पडत नाही, तिथे कपड्यांची बोचकी ठेवा. दगड ठेवू नका, कारण दगडाखाली विंचवाला आसरा मिळतो. गावच्या शिंप्याकडून खालच्या कडेला जाड मांजरपाटाची दीड वीत पट्टी शिवून घेतली, तर फारच उत्तम. जाळी फाटत नाही आणि कड जमिनीवर बसून राहते.

हे सगळे दिवेलागणीच्या आत करा. मग बॅटरी घेऊन आतले कोपरे आणि पांघरुणे तपासा. आत जाताना पायथ्याची कड थोडी उचला, चटकन आत शिरा आणि कड पुन्हा खोचा. जाळीत किंवा जाळीजवळ चिमणी, मेणबत्ती, डासांची उदबत्ती ठेवू नका. जाळी क्षणात पेट घेते. धान्य उशाशी ठेवू नका. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. दिवसा चावणारे डासही असतात, डेंग्यू त्यांच्यामुळेच पसरतो. म्हणून तान्हे मूल दिवसा झोपले तरी जाळीतच झोपू द्या. औषध लावलेली जाळी मिळाली असेल, तर ती सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, त्याने मासे मरतात.

शिक्षक मित्रांना आणखी एक सांगणे आहे. हिवतापाचा डास चावल्यावर ताप लगेच येत नाही. साधारण १० ते १५ दिवस जातात. तोवर शिबिर संपलेले असते आणि मुलगा घरी गेलेला असतो. त्या तापाचा राहुटीशी काही संबंध असेल, हे आईबापांच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा मुलांना परत पाठवताना पालकांना कळवा, की महिनाभरात ताप आला तर रक्त तपासून घ्यावे आणि मूल शिबिरात राहिले होते हे डॉक्टरांना सांगावे. आणि सर्पदंशाची नुसती शंका आली, तरी चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक शोधणे यांत वेळ घालवू नका. रुग्णाला फार हालचाल करू न देता सरळ रुग्णालयात न्या. सर्पविषावरचे औषध तिथेच मिळते.

शेवटी एवढेच सुचवतो. शिबिराला किंवा तोडीला निघण्यापूर्वी एखाद्या दुपारी मच्छरदाणी अंगणात काढा. उन्हाकडे धरून भोके शोधा, सुईदोऱ्याने शिवा. मग मुलांना हाताशी घेऊन ती एकदा जमिनीवर लावून बघा. दिवसा एकदा जमले, म्हणजे मुक्कामावर अंधारात चाचपडावे लागणार नाही.