बर्फावरची पोरं

मेरी लवकर सापडत नाही, ही या चित्राची पहिली गंमत. पीटर ब्रूगेल या चित्रकारानं १५६६ साली लाकडी फळीवर रंगवलेलं ‘बेथलेहेममधली खानेसुमारी’ आज ब्रसेल्सच्या रॉयल म्यूझियममध्ये आहे. बायबलमधल्या कथेप्रमाणे सम्राट ऑगस्टसच्या हुकमावरून नावनोंदणीसाठी योसेफ आणि गरोदर मेरी बेथलेहेमला आले. ब्रूगेलचं बेथलेहेम मात्र त्याच्याच मुलखातलं, बर्फात बुडालेलं एक फ्लेमिश खेडं. खाणावळीच्या दाराशी माणसांची झुंबड, भिंतीवर तिथल्या राज्यकर्त्या हाब्सबुर्ग घराण्याचा दुतोंडी गरुड. नोंदणीबरोबर करवसुलीही चाललेली. गाढवावर बसलेली मेरी आणि खांद्यावर करवत घेतलेला योसेफ या गर्दीतून निघालेत. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

मुलं तर नाहीच नाही. ती गोठलेल्या पाण्यावर घसरताहेत, एकमेकांना बर्फाचे गोळे हाणताहेत. त्यातलं एक पोर बसलंय जनावराच्या जबड्याच्या हाडावर. तीच त्याची घसरगाडी. विकतची नव्हे, कुणी मुद्दाम करून दिलेलीही नव्हे. कापलेल्या जनावराचं उरलेलं हाड.

जनावरं कापण्याचे दिवसच होते ते. याच चित्रात, खाणावळीसमोर डुक्कर मारलं जातंय आणि एक बाई त्याचं रक्त भांड्यात धरतेय. मांस टिकवून हिवाळा काढायचा म्हणून ही कापाकापी. हाडं आणि आतड्या-कातड्यांचा उरलासुरला भाग मग पोरांच्या हाती. ब्रूगेलच्याच १५६० सालच्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रात दोनशेहून अधिक मुलं आहेत. त्यातलं एक डुकराचा मूत्राशय फुग्यासारखा फुगवतंय, आणि एका कोपऱ्यात दोघी जणी हाडकं उडवून झेलताहेत. आपल्याकडे हाच डाव सागरगोट्यांनी रंगतो. तिकडे तो मेंढीच्या घोट्यातल्या हाडांवर चाले.

तेव्हा हिवाळ्यातल्या बालपणाचं गोंडस चित्र म्हणून ब्रूगेलच्या बर्फाळ चित्रांकडे पाहायचं, तर बरंच काही डोळ्यांआड करावं लागेल. १५६४-६५ची थंडी युरोपात भयंकर पडली होती. लंडनला थेम्स नदी गोठली होती. ‘बर्फातले शिकारी’ हे ब्रूगेलचं चित्र १५६५चं. त्यातले शिकारी परततात ते मान टाकलेली कुत्री आणि भाल्याला लटकवलेला एकुलता एक कोल्हा घेऊन. गिरणीचं चाक गोठलंय. खाली तळ्यांवर मात्र खेळ ऐन रंगात आलाय. नाताळच्या भेटकार्डांवर हे चित्र नेहमी दिसतं. त्या कोल्ह्याकडे कार्ड घेणाऱ्यांचं लक्ष जातं की नाही, कोण जाणे!

पण म्हणून ब्रूगेल मुलांची कीव करतो, असंही नाही. टेकडीवरच्या दमलेल्यांना आणि तळ्यावर घसरणाऱ्यांना तो एकच थंडी देतो. खेळणाऱ्यांना खेळू देतो, राबणाऱ्यांना राबू देतो, आणि रंगवताना दोघांवर सारखीच मेहनत घेतो. खेळ म्हणजे रिकामटेकडा उद्योग, असं त्याच्या कुंचल्याला कधी वाटलेलं दिसत नाही. मुलांची चित्रं पुष्कळांनी काढली. पोरांना लाडिक न करता, मोठ्यांच्या कष्टांइतक्याच गांभीर्यानं रंगवणारे फार थोडे, आणि त्यांत ब्रूगेलचा मान पहिला.

श्रोत्यांना एकच विनंती. ही चित्रं पोस्टकार्डाच्या आकारात पाहू नका. ‘बर्फातले शिकारी’ची मूळ फळी सुमारे ११७ बाय १६२ सेंटीमीटरची आहे. ती व्हिएन्नात आहे; तिथं जाणं जमेल त्यानं जावं. न जमल्यास संगणकाच्या पडद्यावर मोठं करून, एकेक पोर निरखत पाहावं.