आभाराचं गाणं

भाकरी थापता थापता रेडिओ लावलाय ना? राहू द्या चालू. आज आम्ही एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहोत. बाई लांबची, फिनलंड देशातली. नाव आर्या सायोनमा. आर्या हे नाव तर आपल्या गावातल्या पोरींसारखंच वाटतं, नाही का?

हा कार्यक्रम ठरवताना आमच्यातच वाद झाला. एक जण म्हणाली, "गाण्यानं कुणाचं पोट भरतं का? त्यापेक्षा शेळ्यांच्या लसीवर बोलू." लसीवर पुढच्या खेपेला बोलूच. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून तोच हातात धरून ही गोष्ट सांगतो.

फिनलंड म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचा थंड देश. जंगलं आणि तळी भरपूर, माणसं थोडी. आर्याचा जन्म १ डिसेंबर १९४४ चा, मिक्केली या गावातला. त्याच सप्टेंबरात फिनलंडची सोव्हिएत रशियाशी चाललेली लढाई थांबली होती. लढाईच्या काळात फिनलंडच्या सैन्याचं मुख्यालय याच मिक्केलीत होतं.

लढाई थांबली, पण कारेलिया नावाचा मुलूख रशियाकडे गेला. तिथल्या चार लाखांहून जास्त माणसांनी घरदार, गोठा, शेत मागे टाकलं आणि उरलेल्या फिनलंडमध्ये आसरा घेतला. सरकारनं १९४५ साली कायदा केला, जमीन असणाऱ्यांकडून जमीन घेतली आणि या लोकांना कसायला दिली. लढाईच्या वर्षांत आयांनी सुमारे सत्तर हजार लेकरं शेजारच्या स्वीडनला पाठवली होती, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून. काही लेकरं परत आली तेव्हा आईची भाषाच विसरली होती. आई बोलते आणि पोराला कळत नाही! आर्या वाढली ती अशा देशात. घर सुटणं म्हणजे काय, हे तिथल्या गावागावाला ठाऊक होतं.

आर्या संगीत शिकली आणि गायिका झाली. १९७० नंतरच्या वर्षांत ती मिकिस थिओदोराकिस या ग्रीक संगीतकाराबरोबर देशोदेशी गायली. ग्रीसमध्ये १९६७ साली लष्करानं सत्ता बळकावली होती. थिओदोराकिस यांची गाणी गायला, वाजवायला, अगदी ऐकायलाही बंदी घातली होती. त्यांना तुरुंगात टाकलं, डोंगरातल्या गावात कुटुंबासह नजरकैदेत ठेवलं, मग छावणीत डांबलं. जगभरातून ओरड झाल्यावर १९७० साली त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं. मग ते गावोगाव मैफली करत ग्रीसची हकिगत सांगत हिंडले. बाया हो, गाण्यात काहीच दम नसता तर बंदुकवाल्यांना त्याची एवढी भीती का वाटली असती?

पण आर्याची खरी ओळख झाली ती आणखी एका गाण्यानं, आणि ते गाणं मुळात दुसऱ्याच बाईचं. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथं विओलेता पार्रा नावाची बाई होती, गरिबाघरची. खेड्यापाड्यांत जायची, म्हाताऱ्या माणसांपाशी बसायची आणि त्यांची जुनी गाणी जमवायची. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या कुणी वहीत उतरवून घ्याव्यात, तसंच. स्वतःही गाणी रचायची. तिच्या शेवटच्या गाण्यांपैकी एकाचं नाव 'ग्रासियास आ ला विदा', म्हणजे जगण्याचे आभार. ते १९६६ साली निघालं. आणि १९६७ च्या फेब्रुवारीत विओलेतानं स्वतःचा जीव दिला.

हे वाचून आम्ही सगळ्या गप्प झालो. जगण्याचे आभार मानणारीच गेली? मग कुणीतरी म्हणालं, वरून हसरी दिसणारी बाई आतून किती खचलेली असते, ते शेजारणीलाही कळत नाही. म्हणून मधेच एक गोष्ट सांगून ठेवतो. गटाच्या बैठकीला कुणी दोन वेळा आली नाही, तर हप्ता विचारायच्या आधी तिची विचारपूस करा.

विओलेता गेली, गाणं राहिलं. १९७३ साली चिलीतही लष्करानं सत्ता घेतली. हजारोंना देश सोडावा लागला. त्यातल्या कितीतरी जणांना स्वीडननं आसरा दिला. आर्याही तेव्हा स्वीडनमध्ये गात होती. विओलेताचं गाणं तिनं स्वीडिश भाषेत गायलं आणि १९७९ साली त्याची तबकडी आली. तिकडं ते घरोघरी पोचलं. चिलीहून आलेल्या बाईनं आपल्या मातीतलं गाणं शेजारणीच्या भाषेत ऐकलं असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचार करा.

स्वीडनचे पंतप्रधान होते उलोफ पाल्मे. आसरा मागणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहणारा माणूस. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री ते बायकोबरोबर सिनेमा बघून पायी घरी निघाले होते, सोबत अंगरक्षक नव्हता. रस्त्यातच कुणीतरी गोळी घातली. त्यांच्या अंत्यविधीला आर्यानं हेच आभाराचं गाणं गायलं. मरणाच्या दारात जगण्याचे आभार! आमच्यातल्या एकीला हे आधी पटेना. मग ती म्हणाली, आपणही तेराव्याला गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलतो की.

पुढच्या वर्षी, १९८७ साली, आर्या स्वीडनच्या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत दुसरी आली. तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं तिला सदिच्छा दूत नेमलं. सदिच्छा दूत म्हणजे काय? तर ज्याचा आवाज लोक ऐकतात, त्यानं तो आवाज, ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्यासाठी वापरायचा. छावणीतली दशा लोकांपुढे मांडायची, मदतीसाठी हाक द्यायची. त्या वर्षांत एकट्या अफगाणिस्तानातून पन्नास लाखांहून जास्त माणसं पाकिस्तानात आणि इराणमध्ये गेली होती. आकडा एवढा मोठा की डोक्यात मावत नाही. पण ओळखीच्या आवाजानं त्यातल्या एका आईची गोष्ट सांगितली, की ऐकणाऱ्याचा हात खिशाकडे जातो.

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येतो. गाण्यानं पोट भरतं का? नाही भरत. पोट धान्यानं भरतं, तंबू कापडाचा लागतो, औषध पैशानं येतं. पण ते धान्य द्यावं असं वाटायला समोरचा माणूस आधी माणूस दिसावा लागतो. गाणं तेवढं काम करतं. एवढ्यावर आमची मैत्रीण अर्धी राजी झाली. उरलेली अर्धी लसीच्या कार्यक्रमानंतर होणार म्हणाली.

तुमच्या गटात लग्न होऊन लांबच्या मुलखातून आलेली कुणी असेल. पुढच्या बैठकीत तिला तिच्याकडचं एक गाणं म्हणायला सांगा. भाषा कळली नाही तरी चालेल. आणि काय ऐकलंत ते आम्हाला कळवा.

येतो आम्ही. नमस्कार.