ओंजळीतला माइक



दहा छिद्रांची हार्मोनिका जर्मनीतून अमेरिकेत गेली आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हाती ब्लूज बोलू लागली. पण तिचा आवाज मोठा झाला तो शिकागोत. पोटासाठी उत्तरेला आलेले वादक मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात उभे राहत आणि शेजारच्या घरातून वायर ओढून अँप्लिफायर चालवत. विजेची गिटार आणि ड्रम यांच्यापुढे उघड्या हार्मोनिकाचा निभाव लागेना. तेव्हा हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरने माइक आणि हार्मोनिका एकत्रच ओंजळीत धरली. १२ मे १९५२ रोजी त्याने ध्वनिमुद्रित केलेलं ‘ज्यूक’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं. गाण्याचा एक शब्दही त्यात नाही.

हा नुसता मोठा केलेला आवाज नव्हे. ओंजळ घट्ट मिटली की माइकवर ध्वनीचा दाब वाढतो, व्हॉल्व्हच्या अँपचा आवाज थोडा फाटतो आणि सूर सॅक्सोफोनसारखा भरदार होतो. करंगळीकडची बाजू जराशी उघडली की तोच सूर पातळ, उजळ होतो. म्हणून मी म्हणतो, इथे वाद्य एकटी हार्मोनिका नाही. श्वास, हात, माइक आणि अँप मिळून एकच वाद्य आहे.

आपल्या पेटीसारखीच हार्मोनिकासुद्धा पत्तीवर वाजते. पेटीत मींड नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आकाशवाणीने तर तिला कित्येक वर्षं दारातच अडवलं होतं. हार्मोनिकात मात्र मींड निघते, कारण श्वास थेट पत्तीवर असतो. ब्लूजवाला ‘सी’ पट्टीची हार्मोनिका ‘जी’मध्ये वाजवतो. ‘जी’ला षड्ज मानलं, तर तिसऱ्या छिद्रात श्वास आत ओढल्यावर शुद्ध गंधार मिळतो. जीभ आणि घशाची ठेवण बदलत नेली की तोच सूर कोमल गंधाराकडे उतरतो. ब्लूजचा सगळा जीव या दोन गंधारांमधल्या जागेत आहे.

आता जॅम, म्हणजे आयत्या वेळी जमून एकत्र वाजवणं. ओळखीपाळखी नसलेली चारसहा माणसं मंचावर, बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या आवर्तनात. आधी पट्टी विचारायची आणि त्यानुसार हार्मोनिका निवडायची. अँप पाठीशी असतो, ड्रमर जोरात असतो, स्वतःचं ऐकू येत नाही. मग हात आवाजाच्या बटणाकडे जातो आणि माइक शिट्टी मारतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला की हे व्हायचंच. त्यावर उपाय आहेत: अँपपासून दूर सरकायचं, त्याचं तोंड वळवायचं, आवाज बेताचा ठेवून अँपसमोर दुसरा माइक लावायचा.

खरी कसोटी मात्र गप्प राहण्याची. गायक गात असताना हार्मोनिका ओळीच्या शेवटी उरलेल्या जागेत बोलते. शब्दांवर चढली की गाणं मेलं. गायक मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रिकांत वॉल्टर किती ठिकाणी थांबतो, ते मुद्दाम ऐका. एवढा मोठा आवाज हाती असताना तो राखून वापरणं, हीच त्याची थोरवी.

तुमच्यापैकी कुणी हार्मोनिका, म्हणजे आपला माउथ ऑर्गन, वाजवत असेल, तर माइक विकत घेण्याची घाई करू नका. आधी नुसत्या ओंजळीत ते तिसरं छिद्र साधा, आणि मग जॅमला जा.