शिक्का फोडा



एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली अमेरिकेत छापून आली. टल्सा शहरातल्या या पोरीनं ती शाळेत असतानाच लिहिलेली. केसांना तेल चोपडणारी गरीब पोरं म्हणजे ‘ग्रीझर’. ग्रीझर म्हणजे गुंड, हे गावानं आधीच ठरवून टाकलेलं.

त्यातला चौदा वर्षांचा पोनीबॉय पुस्तकं वाचतो, मावळता सूर्य बघतो. श्रीमंत वस्तीतली चेरी त्याच्याशी बोलते, तेव्हा कळतं, तीही तोच सूर्य बघते. पुढं जळत्या चर्चमधून पोनीबॉय आणि जॉनी लहान मुलांना बाहेर काढतात. जॉनी त्यात जबर जखमी होतो, पुढं मरतो. आगीनंतर कुठं पेपरवाले त्यांना वीर म्हणतात.

मला राग येतो तो इथं. आगीच्या आधी ही पोरं माणसं नव्हती काय? गरिबानं माणूस ठरायला जीव द्यायचा, श्रीमंताला ते जन्मतःच फुकट!

‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस,’ असं कुणी म्हणालं, की ती शाबासकी मी घेत नाही. ती एकाला वर काढते नि बाकीच्यांना चिखलात दाबते. पोनीबॉयसुद्धा शेवटी लिहायला बसतो तो आपल्यासारख्या सगळ्या पोरांसाठी.

म्हणून सांगतो, अपवाद होऊ नका. शिक्काच फोडा.